फोनवर बोलावलं, माफीनामा लिहून घेतला. आता पुढे काय?

ताई, नमस्कार.

आम्ही पश्चिम महाराष्ट्रातल्या एका खेड्यात राहतो. दोन एकर ऊस आहे. मोठा मुलगा २३ वर्षांचा, बी.ए. झालाय, पोलीस भरतीची तयारी करतो. गावात जलजीवनची टाकी बांधून दीड वर्ष झालं. घरोघर नळ आले, पाणी आलं नाही. त्याने टाकीचा फोटो काढून व्हॉट्सअॅपला स्टेटस ठेवलं: 'टाकी आहे, नळ आहे, पाणी कुठे आहे? पैसे कोणी खाल्ले ते सगळ्या गावाला माहीत आहे. साहेब, हिशेब द्या.' साहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. कारखान्यातही त्यांचाच शब्द चालतो.

दुसऱ्या दिवशी ठाण्यातून फोन आला, मोबाईल घेऊन ये. सकाळी गेला तो दिवेलागणीला घरी आला. दिवसभर बाकावर बसवलं, मोबाईल उघडायला लावून चॅट वाचले, स्टेटस काढायला लावलं. 'यापुढे कोणत्याही नेत्याविरुद्ध लिहिणार नाही' असा माफीनामा त्याच्या हाताने लिहून घेतला. एका नोटिशीवर सही घेतली, तिची प्रत सोबत जोडली आहे. आता परत फोन येतो, 'साहेबांना भेटून घे, विषय संपव.' मुलगा म्हणतो, मी काही खोटं लिहिलं नाही, भेटणार नाही. त्याचे वडील म्हणतात, तोडीला टोळी आली नाही तर ऊस जागेवर वाळेल, पाया पडून ये. गुन्हा दाखल झाला तर भरतीचं काय होईल? त्याचं चुकलं का? मी त्याला गप्प बसायला सांगू का?

– एक आई

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. मुलाला गप्प बसायला सांगू नका. त्याच्या स्टेटसमधलं एक वाक्य मी त्याला वेगळं लिहायला लावलं असतं, त्याबद्दल पुढे सांगते. पण गावाच्या नळाला पाणी नाही हे बोलायचा त्याला हक्क आहे, आणि तो ठाण्यातल्या बाकावर बसून सोडून द्यायचा हक्क नाही.

तुमचं पत्र वाचताना मला एक गोष्ट फार खटकली. त्या दिवशी जे घडलं त्यातलं जवळजवळ काहीच कागदावर नाही. बोलावणं तोंडी. दिवसभर बसवलं त्याचा हुकूम नाही. मोबाईल तपासला त्याचा पंचनामा नाही. स्टेटस काढायला लावलं त्याचा आदेश नाही. कागदावर दोनच गोष्टी आल्या, आणि दोन्हींखाली सही तुमच्या मुलाची आहे. तालुका कोर्टात वकिली करताना हे मी पुन्हापुन्हा पाहिलं. गुन्हा दाखल करायचा तर कलम शोधावं लागतं, वरिष्ठांना उत्तर द्यावं लागतं, न्यायाधीशांसमोर जावं लागतं. फोन करून बसवून ठेवायला यातलं काहीच लागत नाही. म्हणून तुमच्या घरासाठी माझा पहिला सल्ला एवढाच आहे की इथून पुढे एकही गोष्ट तोंडी होऊ देऊ नका.

कायदा तुमच्या बाजूने किती आहे ते सांगते. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्यात साक्षीदार म्हणून बोलवायचं असेल तर कलम १७९ खाली लेखी आदेश लागतो. आरोपी किंवा संशयित म्हणून बोलवायचं असेल तर कलम ३५(३) ची नोटीस लागते. तीही रीतसर बजावलेली लागते. व्हॉट्सअॅपवर पाठवलेली नोटीस चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. ३५(३) ची नोटीस आली तर घाबरू नका, उलट ती तुमच्या मुलाचं संरक्षण आहे. ती पाळून तो हजर राहत असेल तोवर कारणं लिहून ठेवल्याशिवाय त्याला अटक करता येत नाही. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत उठसूट अटक करू नका, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अर्नेश कुमार खटल्यात बजावलं, त्यातूनच ही शिस्त पक्की झाली. फोनवरचं 'ये' या कशातच बसत नाही. पुन्हा फोन आला तर मुलाने अरेरावी करायची नाही, पळायचंही नाही. शांतपणे म्हणायचं, 'साहेब, लेखी नोटीस द्या, मी वकिलांसह हजर राहतो.'

आता तुम्ही पाठवलेली नोटीस. ती कलम १६८ ची आहे. जुन्या संहितेत हे कलम १४९ होतं आणि निवडणुका, मोर्चे, सण आले की आपल्याकडे ते सढळ हाताने वापरलं जातं. दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा गुन्हा, घडू नये म्हणून पोलिसांनी हस्तक्षेप करावा, एवढंच ते सांगतं. ही ताकीद आहे. हा गुन्हा नाही, आरोपपत्र नाही, शिक्षा तर मुळीच नाही. शेवटची ओळ आहे, 'सदर नोटीस आपणाविरुद्ध पुरावा म्हणून वापरण्यात येईल.' ती वाचून तुमच्या पोटात गोळा आला असणार. पण पुराव्यासाठी आधी गुन्हा लागतो. टाकीत पाणी नाही असं म्हटल्याने कोणता दखलपात्र गुन्हा घडणार होता, ते त्या नोटिशीत कुठेही लिहिलेलं नाही. मी ती दोनदा वाचली. 'कायदा व सुव्यवस्था' हे शब्द तीन वेळा आले आहेत, पाणी हा शब्द एकदाही नाही. एक सावधगिरी मात्र ठेवा. नव्या संहितेत कलम १७२ आलं आहे. गुन्हा रोखण्यासाठी पोलिसांनी दिलेले कायदेशीर निर्देश पाळणं त्याने बंधनकारक केलं आहे, न पाळणाऱ्याला ताब्यातही घेता येतं. म्हणून ठाण्यात हुज्जत नको. आक्षेप असेल तो अर्जात लिहायचा.

माफीनाम्याला तर कसलाच आधार नाही. पोलिसांनी नागरिकाकडून माफी लिहून घ्यावी असं कलम कुठल्याही संहितेत मला दाखवा. चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घ्यायचं असेल तर त्याला आपल्याकडे चॅप्टर केस म्हणतात. ती कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे चालते, कारणे दाखवा नोटीस निघते, बाजू मांडायला मिळते. 'कोणत्याही नेत्याविरुद्ध लिहिणार नाही' हे वाक्य ज्याने सांगितलं त्याने कायद्याचा विचार केलेला नाही, हे त्या वाक्यातच दिसतं. कोणत्याही नेत्याविरुद्ध! म्हणजे विरोधी पक्षाच्याही नाही, दिल्लीतल्याही नाही, उद्या निवडून येणाऱ्याही नाही. संविधानाच्या कलम १९(१)(क) ने दिलेलं स्वातंत्र्य एका कोऱ्या कागदावर, ठाण्याच्या टेबलाशी, असं सोडून देता येत नाही. तो कागद त्याला बांधत नाही, हे त्याला नीट समजावून सांगा, कारण कायद्यापेक्षा मनावर त्याचा दाब जास्त बसतो.

मोबाईलचंही तसंच. तपासासाठी फोन हवा असेल तर कलम ९४ खाली लेखी मागणी करता येते. जप्त करायचा असेल तर रीतसर पंचनामा होतो, नव्या कायद्यात त्याचं चित्रीकरणही करावं लागतं. पासवर्ड सांगायची सक्ती करता येते का, यावर न्यायालयांचं अजून एकमत झालेलं नाही. पण गुन्हाच दाखल नसताना मुलाचे मित्रांशी झालेले बोलणे, बहिणीचे फोटो, भरतीच्या ग्रुपमधल्या गप्पा कोणीतरी बोटाने सरकवत वाचल्या, याला तपास म्हणत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या 'पुट्टस्वामी' निकालाने २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला आहे, आणि तो खेड्यातल्या पोराच्या फोनलाही लागू आहे.

आता त्याचं चुकलं का ते पाहू. त्याचं स्टेटस वाक्यावाक्याने घेते. 'टाकी आहे, नळ आहे, पाणी कुठे आहे?' हे सत्य आहे आणि प्रश्न आहे. 'साहेब, हिशेब द्या' ही मागणी आहे. सरकारी पैशाच्या कामाचा हिशेब मागणं हा अपमान असेल तर ग्रामसभाच बंद करावी लागेल. अडचण मधल्या वाक्याची आहे. 'पैसे कोणी खाल्ले ते सगळ्या गावाला माहीत आहे' आणि लगेच 'साहेब'. वाचणारा दोन्ही जोडतो. हा आरोप झाला, आणि आरोपाला कागद लागतो. कागद हाती नसताना त्याने ते लिहायला नको होतं. 'दीड वर्षात पाणी का नाही, किती पैसे खर्च झाले, कोणी सांगेल का?' असं लिहिलं असतं तर टोचणी तेवढीच राहिली असती आणि पकडायला काही उरलं नसतं.

पण ते वाक्य टोकाचं धरलं तरी कायद्यात त्याची जागा बदनामीच्या कलमात, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या ३५६ मध्ये. हा अदखलपात्र गुन्हा आहे. पोलिसांना दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय त्याचा तपासही करता येत नाही. ज्याची बदनामी झाली त्याने स्वतः न्यायालयात जाऊन तक्रार करायची असते. साहेबांना खरोखर लागलं असेल तर त्यांनी कोर्टाची पायरी चढावी, शपथेवर सांगावं की टाकीत पाणी आहे, आणि उलटतपासणीला उभं राहावं. ते ठाण्यातून फोन करवत आहेत, कोर्टात जात नाहीत, याचा अर्थ तुम्ही-मी दोघीही लावू शकतो. शिवाय लोकहितासाठी सांगितलेलं सत्य आणि सार्वजनिक कामाबद्दल सद्भावनेने दिलेलं मत, हे या कलमाचे अपवाद त्यातच लिहिलेले आहेत. बदनामी हा फौजदारी गुन्हा असावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मान्य केलं. मला तो निकाल तेव्हाही पटला नव्हता, आजही पटत नाही. ज्याच्याकडे वकिलांची फौज आहे त्याच्या हातात हे कलम हत्यार होतं आणि ज्याच्याकडे दोन एकर ऊस आहे त्याच्यासाठी फास. अब्रूची भरपाई दिवाणी दाव्यात मागता येते. त्यासाठी तुरुंगाची भीती कशाला?

तुमच्या मुलाला सांगायला दोन निकाल देते. पहिला कोल्हापूर जिल्ह्यातला. एका प्राध्यापकांनी ऑगस्ट २०२२ मध्ये व्हॉट्सअॅप स्टेटसला काश्मीरबाबतच्या ५ ऑगस्टच्या निर्णयाचा दिवस 'काळा दिवस' म्हटलं आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानच्या स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या. हातकणंगले पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला, कलम समाजात तेढ वाढवण्याचं. उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द करायला नकार दिला. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांनी ७ मार्च २०२४ रोजी तो रद्द केला. सरकारच्या निर्णयावर टीका करायचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे, आणि आता पोलिसांनाच अभिव्यक्ती स्वातंत्र्य काय असतं ते शिकवायची वेळ आली आहे, असं त्या निकालात म्हटलं आहे. स्टेटस व्हॉट्सअॅपचं, ठाणं आपल्याच भागातलं, आणि विषय पाण्याच्या टाकीपेक्षा कितीतरी नाजूक. तरी निकाल बोलणाऱ्याच्या बाजूने लागला. पण स्टेटस ते निकाल, दीड वर्षाहून जास्त काळ गेला. ही किंमत मी तुमच्यापासून लपवणार नाही.

दुसरा निकाल पुढच्याच वर्षीचा, २८ मार्च २०२५ चा. गुजरातमध्ये खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावर एका कवितेसाठी गुन्हा दाखल झाला होता. याच दोन न्यायमूर्तींनी तो रद्द केला. बोलण्याच्या ज्या गुन्ह्यांना तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षा आहे, त्यांत गुन्हा नोंदवण्याआधी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) ची प्राथमिक चौकशी करावी, असं त्यांनी पोलिसांना सांगितलं. म्हणजे वरिष्ठांची परवानगी घेऊन चौदा दिवसांत पाहायचं की यात गुन्हा दिसतो तरी का. आणि शब्द कोणत्या मापाने मोजायचे, ते सांगताना त्यांनी आधार घेतला तो आपल्या नागपूरचा. एका जुन्या निकालात नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिवियन बोस म्हणाले होते की शब्दांचा परिणाम समंजस, कणखर, धीराच्या माणसांच्या मापाने जोखायचा. प्रत्येक विरोधी मतात ज्यांना धोक्याचा वास येतो, त्यांच्या मापाने नाही. तुमच्या मुलाचं स्टेटस वाचून कुणाच्या मनात दंगल करायचं आलं? गावात एक दगड तरी उचलला गेला का? लोकांनी ते वाचलं आणि आपापल्या नळाकडे पाहिलं असेल, बस्स.

तरीही माफी मागून, भेटून विषय संपतो का, हा वडिलांचा मुद्दा उरतोच. मे २०२५ मध्ये पुण्यातल्या अभियांत्रिकीच्या १९ वर्षांच्या विद्यार्थिनीने ऑपरेशन सिंदूरच्या वेळी इन्स्टाग्रामवर सरकारवर टीका करणारी एक पोस्ट पुढे पाठवली. धमक्या येऊ लागल्यावर काही तासांत काढली, माफी मागितली. तरी अटक झाली आणि कॉलेजने काढून टाकलं. ती बाहेर आली ती माफीमुळे नव्हे. २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला आणि कॉलेजला कठोर शब्द सुनावले, तातडीने सोडायला लावलं, तेव्हा कुठे तिला परीक्षा देता आली. मनापासून चूक वाटत असेल तर माणसाने जरूर माफी मागावी, त्यात कमीपणा नाही. पण भीतीने मागितलेली माफी समोरच्याला एवढंच शिकवते की या घराला दाबता येतं.

हे कुठल्या एका पक्षाचं आहे असंही समजू नका. २०१२ साली पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून आणि तिला दिलेल्या लाइकवरून अटक झाली, तेव्हा सरकार वेगळं होतं. २०२२ मध्ये नाशिककडचा फार्मसीचा एक विद्यार्थी एका ट्वीटवरून महिनाभर कोठडीत राहिला, तेव्हा आणखी वेगळं. पुण्याच्या मुलीच्या वेळी तिसरंच. पालघरच्या प्रकरणातून एक तरुणी, श्रेया सिंघल, सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ रोजी ऑनलाइन 'आक्षेपार्ह' मजकुराबद्दल अटक करू देणारं, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द झालं. त्यानंतरही ठाण्यांमध्ये त्या मेलेल्या कलमाखाली गुन्हे नोंदवले जात होते, आणि ते थांबवायला सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये पुन्हा आदेश काढावा लागला. जो सत्तेत असतो त्याला टीकाकाराच्या शब्दांत सुव्यवस्थेचा प्रश्न दिसतो, आणि विरोधात गेला की त्यालाच संविधान आठवतं. केंद्र सरकारने तर स्वतःबद्दलची बातमी खरी की खोटी हे ठरवायला स्वतःचाच कक्ष नेमायचा नियम केला होता. मुंबई उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही, तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये तो घटनाबाह्य ठरवला. ज्याच्यावर प्रश्न आहे त्यानेच उत्तराचे गुण द्यायचे, हे मला कुठल्याही सरकारकडून मान्य नाही, आणि तुमच्या तालुक्याच्या साहेबांकडूनही नाही.

आता मुलाच्या वडिलांबद्दल. त्यांना भित्रे म्हणू नका, मुलालाही म्हणू देऊ नका. वाळलेल्या उसाचं वजन किती घटतं ते त्यांना माहीत आहे, मला नाही. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवून टोळी येत नाही, हे खरं आहे. पण इथेही कागद कामाला येतो. उसाची नोंद केली त्याची पावती शोधून ठेवा, लागणीची तारीख त्यावर बरोबर आहे ना पाहा. तोडणीचा क्रम मुख्यतः नोंदवलेल्या लागणीच्या तारखेनुसार लागतो. तुमच्यानंतरच्या नोंदी तुटायला लागल्या आणि तुमच्या फडाकडे कोणी फिरकलं नाही, तर तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या चिटबॉयशी भांडत बसू नका. शेतकी विभागाला लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि त्याची एक प्रत प्रादेशिक सहसंचालक (साखर) यांना पाठवा. ऊस आधी दुसऱ्या कारखान्याकडेही नोंदवून ठेवता येतो का, तेही वडिलांनी चार शेतकऱ्यांकडे चौकशी करून पाहावं. साहेबांकडे जायचंच असेल तर वडिलांनी सभासद म्हणून तोडीबद्दल बोलायला जावं. मुलाला पाया पडायला नेऊ नये. भरतीच्या तयारीत रोज पहाटे धावणाऱ्या पोराला बापाने स्वतः कुणासमोर वाकायला लावलं, तर ते तो विसरणार नाही.

भरतीची काळजी रास्त आहे. चारित्र्य पडताळणीच्या अर्जात अटक, दाखल गुन्हा, प्रलंबित खटला अशा गोष्टी विचारतात. आज यातलं काहीच झालेलं नाही. १६८ ची नोटीस म्हणजे गुन्हा नव्हे. उद्या गुन्हा दाखल झालाच, तर तो लपवायचा नाही. नोकरी जाते ती बहुतेक वेळा लपवल्यामुळे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग खटल्यात यावर सविस्तर निकाल दिला आहे. खरी माहिती दिली असेल तर प्रकरणाचं स्वरूप पाहून नियुक्तीचा विचार व्हावा, क्षुल्लक गोष्टीवरून आयुष्य बरबाद होऊ नये, असा त्याचा रोख आहे. म्हणून जेवढं विचारलं तेवढं, पण पूर्ण खरं लिहायचं. दुसरं असं की वर्दी अंगावर आली की वर्तणूक नियम लागू होतात. मग सरकारवर जाहीर टीका करायची मोकळीक फारशी राहत नाही. हे त्याने आत्ताच समजून घ्यावं. आणि त्या टेबलाच्या पलीकडे बसल्यावर कुणाला तोंडी बोलावून दिवसभर बाकावर बसवायचं नाही, एवढं त्याने लक्षात ठेवलं तरी मला पुष्कळ आहे.

आता करायचं काय ते सांगते. पहिलं, मुलाने त्या दिवसाची हकीकत आठवेल तशी वहीत लिहून काढावी: किती वाजता फोन आला, कोणत्या नंबरवरून, कोण बोललं, कोणत्या खोलीत बसवलं, मोबाईल कोणाच्या हातात होता, किती वाजता सोडलं. नंतर आलेले फोनही लिहावेत. दुसरं, तालुका न्यायालयाच्या आवारात तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. तुम्ही स्त्री आहात, विधी सेवा प्राधिकरण कायद्याने तुम्हाला वकील विनामूल्य मिळतो, उत्पन्नाची अट नाही. मुलाला मात्र उत्पन्नाच्या मर्यादेत किंवा इतर निकषांत बसावं लागेल. १५१०० या नंबरवरही चौकशी करता येते. मग वकिलांना दाखवून पोलीस निरीक्षकांना असा अर्ज द्या:

'अमुक तारखेस मला दूरध्वनीवरून ठाण्यात बोलावण्यात आले व सकाळपासून सायंकाळपर्यंत बसवून ठेवण्यात आले. माझ्याविरुद्ध कोणता गुन्हा किंवा तक्रार दाखल आहे, याची प्रत मिळावी. माझ्याकडून लिहून घेतलेला माफीनामा मी दबावाखाली लिहिला असून तो मला मान्य नाही. सदर दिवसाचे ठाण्यातील सीसीटीव्ही चित्रीकरण जतन करून ठेवावे. यापुढे तपासकामी माझी गरज असल्यास लेखी नोटीस द्यावी, मी हजर राहीन.'

भाषा एवढीच ठेवा. कुणावर आरोप नाही, विशेषणं नाहीत. ठाण्यांत सीसीटीव्ही बसवून चित्रीकरण साठवून ठेवायचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये दिला आहे. साठवायला मुदत असते, म्हणून हा अर्ज याच आठवड्यात जायला हवा. शिक्क्याची पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि प्रत जिल्हा पोलीस अधीक्षकांना. अधीक्षक कार्यालयात प्रत गेली की बहुतेक वेळा फोन थांबतात, असा माझा अनुभव आहे. गुन्हा दाखल झालाच तर एफआयआरची प्रत लगेच काढा आणि वकिलांना भेटल्याशिवाय कुठलाही जबाब देऊ नका.

तिसरी गोष्ट टाकीची, आणि मला सगळ्यात जास्त तिचीच उत्सुकता आहे. मूळ प्रश्न सगळेच विसरले, पाणी अजून आलेलं नाही. मुलाने माहितीच्या अधिकाराखाली जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं. मागायचं ते नेमकं: योजनेचं अंदाजपत्रक, ठेकेदाराला दिलेला कार्यारंभ आदेश, काम पूर्ण करायची मुदत, आजवर दिलेल्या बिलांच्या प्रती, माप पुस्तिकेच्या, म्हणजे झालेल्या कामाची मोजमापं लिहिलेल्या वहीच्या प्रती, तृतीय पक्ष म्हणजे बाहेरच्या संस्थेने केलेल्या तपासणीचा अहवाल. शिवाय कामाची प्रत्यक्ष पाहणी करायचीही मागणी त्याच कायद्याने करता येते. तीस दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील. दरम्यान येणाऱ्या ग्रामसभेत पाच-दहा बायकांनी मिळून हा विषय मांडावा आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) तो इतिवृत्तात घ्यायला लावावा. जलजीवनमध्ये दर माणशी रोज ५५ लिटर पाणी द्यायचं ठरलेलं आहे, हा आकडा तिथे मोठ्याने म्हणा. आणि हे मुलाने नव्हे, तुम्ही म्हणावं असं मला वाटतं. हंडा तुमच्या डोक्यावर आहे.

माप पुस्तिकेची प्रत हाती आली की तिच्यातल्या नोंदी आणि बिलं ताडून पाहायची असतात. काय तपासायचं ते तेव्हा मला पत्र टाकून विचारा, सांगेन.